नान्सीची काच आणि लोरेनचे रान

फ्रान्स देशाच्या पूर्व भागात, म्यर्त नदीच्या काठी, नान्सी नावाचे एक जुने शहर आहे. तेथील सँ-जॉर्ज रस्त्यावर एका पेढीसाठी बांधलेली इमारत आहे. पेढी म्हटली की हुंड्या, खतावण्या आणि व्याजाचे हिशेब एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण या पेढीच्या दालनात उभे राहून कोणी मान वर केली, तर त्याला काचेच्या छतावर पसरलेला एक वेल दिसतो. आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरताना मोरवेल फुलते, तिच्याच कुळातील हा वेल होय. १९०१ साली ज्याक ग्रुबेर नावाच्या कलावंताने हे छत घडविले. त्याच शहरात रेल्वे स्टेशनाजवळ १९११ साली उघडलेले ‘एक्सेल्सियर’ हे उपाहारगृह आहे. त्याच्या खिडक्यांच्या काचांवर नेच्याची पाने, पाइनच्या डहाळ्या आणि गिंको वृक्षाची पंख्यासारखी पाने आहेत. गिंको दूर आशियातला खरा, पण नेचा व पाइन हे तेथील रानातलेच.

एखाद्या शहराने आपल्या पेढ्यांवर, उपाहारगृहांवर व घरांच्या खिडक्यांवर देवदेवतांच्या व राजेरजवाड्यांच्या ऐवजी रानातील पाने-फुले बसवावी, हे सहजासहजी घडत नाही. त्यामागे शहराचा काही इतिहास असावा लागतो. नान्सीच्या बाबतीत तो इतिहास एका पराभवापासून सुरू होतो.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले आणि त्यात फ्रान्सचा पूर्ण पराभव झाला. १० मे १८७१ रोजी फ्रांकफुर्ट येथे तह झाला. त्या तहान्वये आल्सास हा जवळजवळ सगळा प्रांत आणि लोरेन प्रांताचा मोठा भाग जर्मनीस तोडून द्यावा लागला. नान्सी फ्रान्सकडे राहिले. पण कालपर्यंत प्रांताच्या मध्यावर असलेले शहर एका रात्रीत सरहद्दीचे ठाणे बनले. १८७३ पर्यंत तेथे जर्मन फौजांचा तळही होता. तोडून दिलेल्या मुलुखातील ज्या लोकांना परकी सत्तेखाली राहणे मान्य नव्हते, ते घरेदारे सोडून नान्सीत आले. त्यांत वकील होते, प्राध्यापक होते, कारखानदार होते आणि कुशल कारागीरही होते. युद्धापूर्वी या शहराची वस्ती सुमारे ५०,००० होती, ती विसावे शतक उजाडताना १,००,००० च्या वर गेली. बिच गावचा एक नोटरी, ज्याँ दोम, असाच देशोधडीस लागून येथे आला, आणि १८७८ साली एक काचकारखाना त्याच्या हाती आला. त्याच्या मुलांनी पुढे या कारखान्याचे नाव जगभर केले. पेढीचे छत घडविणारा ग्रुबेर हाही १८७० साली आल्सासात जन्मलेला, आणि लहानपणी नान्सीत आणलेला. सारांश, या काचेवरील वेली ज्या हातांनी काढल्या, त्यांतील पुष्कळ हात आपल्या गावाला मुकलेल्या माणसांचे होते.

या सगळ्यांचा अग्रणी मात्र मूळचा नान्सीकर होता. एमिल गॅले याचा जन्म ४ मे १८४६ रोजी नान्सी येथे झाला. त्याच्या घरी काचसामानाचा व चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार चाले. बाप स्वतः भांड्यांवर नक्षी करवून घेई. मुलाने व्यापार शिकला. पण त्याचे मन लागले ते वनस्पतिशास्त्रात. लोरेन प्रांतातील वनस्पतींची पहिली मोठी शास्त्रीय नोंद ज्यांनी केली, त्या दोमिनिक-अलेक्सांद्र गोद्रों या विद्वानाकडून त्याला या शास्त्राची गोडी लागली. गुरूबरोबर रानोमाळ हिंडावे, फुले वेचावी, ती वहीत दाबून त्यांची नावे लिहावी, हा त्याचा छंद होता. पुढे तो जर्मनीतील वायमार येथे शिकला आणि मायझेंताल या खेड्यातील काचभट्टीवर राहून त्याने काच वितळविण्यापासूनचे धडे घेतले. युद्ध पेटले तेव्हा तो आपण होऊन सैन्यात दाखल झाला. तहानंतर पाहतो तो ज्या मायझेंतालला तो हे काम शिकला, ते जर्मनीत गेलेले. तरीही त्याच्या नक्षीची काच पुढे अनेक वर्षे तेथेच बने आणि सरहद्द ओलांडून येई. अखेर १८९४ साली त्याने नान्सीत स्वतःची भट्टी पेटविली.

१८७७ साली बापाचा धंदा त्याने आपल्या हाती घेतला. त्याच सुमारास नान्सीत फळाफुलांच्या बागाइतीस वाहिलेली एक संस्था निघाली. गॅले तिचा चिटणीस झाला. लायलॅक या फुलझाडाच्या दुहेरी पाकळ्यांच्या नव्या जाती निर्माण करणारा विख्यात माळी व्हिक्टर लमोआन हा याच शहरात राही. गॅलेचे वनस्पतिज्ञान हौशी माणसाचे नव्हते. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने लोरेनच्या चुनखडी उतारांवर उगवणाऱ्या एका रानटी ऑर्किडच्या रूपभेदांवर निबंध मांडला. त्याच्या कारखान्याच्या आवारातही फुलझाडे लावलेली असत. नक्षीकाराला फूल काढावयाचे तर त्याने ते जिवंत पाहून काढावे, असा त्याचा दंडक होता. पुस्तकातील फूल पुस्तकातल्यासारखे येते. बागेतल्या फुलाला किडीने खाल्लेले पान असते, कोमेजलेली पाकळी असते, आणि तीही काढण्याजोगी असते, हे त्याने आपल्या माणसांना शिकविले.

आता हे फूल काचेवर उमटते कसे, ते थोडक्यात पाहावे. भट्टीतील रसाचा गोळा लोखंडी फुंकणीच्या टोकाला घेऊन कारागीर तो फुगवितो. तो थंड होण्यापूर्वी निराळ्या रंगाच्या रसात बुडवून त्याच्यावर दुसरा थर चढवितात, मग तिसरा. अशा रीतीने आत पिवळा, मध्ये हिरवा आणि बाहेर जांभळा असे एकावर एक थर असलेले भांडे तयार होते. ते निवाले की वरचे थर जागोजाग खरवडून खालचा रंग उघडा करावयाचा. हे काम दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार चाकाचा. तांब्याची लहानशी चकती वेगाने फिरते, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड असते, आणि कारागीर भांडे तिच्यावर धरून केसाएवढी रेघसुद्धा कोरतो. हे काम अत्यंत संथ व महाग. दुसरा प्रकार तेजाबाचा. जो भाग राखावयाचा त्यावर डांबरासारखा लेप लावतात आणि भांडे हायड्रोफ्लोरिक अम्लात बुडवितात. हे अम्ल उघडी काच खाऊन टाकते. हे काम झटपट होते, म्हणून मध्यम स्थितीतील गिऱ्हाइकांसाठी गॅलेने याच रीतीने पुष्कळ माल काढला. त्याच्या नावावर मिळणाऱ्या सर्वच वस्तू सारख्या तोलाच्या नाहीत, याचे कारण हेच.

उत्कृष्ट भांडी मात्र चाकावरच पुरी होत. त्यातही गॅलेने अनेक नवे शोध लावले. १८९८ साली त्याने काचेच्या जडावकामाचे हक्क नोंदविले. लाकडात जसे निराळ्या लाकडाचे तुकडे बसवून नक्षी करतात, तसे गरम व मऊ काचेत रंगीत काचेचे तुकडे दाबून बसवावयाचे आणि नंतर चाकाने त्यांवर शिरा व पाकळ्या कोरावयाच्या, अशी ही रीत. काचेत राहिलेले बुडबुडे, तडे, धुरकट डाग यांना इतर कारखानदार दोष समजून माल फोडून टाकीत. गॅलेने त्यांतून धुके, पाऊस व तळ्याचे गढूळ पाणी निर्माण केले. १८८५ साली बर्लिनच्या संग्रहालयात चिनी कारागिरांची थरांची कोरीव काच त्याने बारकाईने पाहिली होती. त्याच वर्षी नान्सीच्या वनविद्यालयात ताकाशिमा होक्काई नावाचा जपानी अधिकारी शिकण्यास आला आणि १८८८ पर्यंत राहिला. तो चित्रकारही होता. गवताचे एक पाते व त्यावर बसलेला एक नाकतोडा एवढ्यावर जपानी चित्र पूर्ण होऊ शकते, ही गोष्ट नान्सीकरांनी त्याच्या कुंचल्यातून प्रत्यक्ष पाहिली.

युरोपच्या शोभेच्या कलेत गुलाब, कमळ, द्राक्षवेल यांना मान फार जुना. कीटकांस तेथे क्वचितच प्रवेश. गॅलेच्या काचेवर मात्र तळ्यावरचा चतुर आला, एका दिवसाचे आयुष्य घेऊन जन्मणारी पाण्यावरची माशी आली, रात्री दिव्याकडे झेपावणारा पतंग आला, भुंगेरे आले. वनस्पतींतही त्याने थोरामोठ्यांची निवड केली नाही. कोथिंबिरीच्या कुळातील, रस्त्याकडेला उगवणारे, छत्रीसारख्या फुलोऱ्याचे रानगवत त्याला फार आवडे. शरद ऋतूत पाने नसताना ओल्या कुरणातून वर येणारे विषारी फूल त्याने काढले. १९०२ च्या सुमारास त्याने कुत्र्याच्या छत्र्यांचा एक दिवा केला. त्यात तीन छत्र्या आहेत, एक मिटलेली, एक अर्धी उघडलेली आणि एक पूर्ण उमललेली. बालपण, तारुण्य व वार्धक्य यांची ती खूण मानली जाते. ज्या वस्तूला लोक पायाने उडवून देतात, तिच्यात त्याने दिवा ठेवला.

अतिसूक्ष्म जीवांनाही त्याने वगळले नाही. लुई पाश्चर यांना ७० वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त पॅरिसच्या एकोल नॉर्माल या विद्यालयाने त्यांना एक काचपात्र देण्याचे ठरविले व ते काम गॅलेकडे दिले. १८९३ साली तयार झालेल्या या पात्रावर कोरलेल्या आकृती जंतूंच्या आहेत. पाश्चरांनी ज्यांचा शोध घेतला तेच जीव त्यांच्या सन्मानपात्रावर शोभा होऊन बसले. पॅरिस येथील पाश्चर संग्रहालयात ते पात्र जपून ठेवले आहे.

हे सारे रान नुसत्या शोभेसाठी काचेवर आलेले नव्हते. नान्सीच्या नगरचिन्हात एक काटेरी झुडूप आहे. आपल्याकडील उटकटाऱ्याचा तो भाऊबंद म्हणता येईल. १४७७ साली लोरेनच्या ड्यूकने बलाढ्य बर्गंडीच्या ड्यूकचा नान्सीच्या वेशीवर पाडाव केला, त्या विजयाची आठवण या काट्याशी जोडलेली आहे. ‘मला डिवचणाऱ्याला त्याचे प्रायश्चित्त मिळते’ असा त्याचा भावार्थ. १८७१ नंतर गॅलेने हा काटा आणि लोरेनचा दुहेरी आडपट्ट्यांचा क्रूस आपल्या भांड्यांवर पुन्हा पुन्हा काढला. दोम बंधूही आपल्या सहीशेजारी तोच क्रूस कोरीत. सरहद्दीपलीकडे गेलेल्या मुलुखाविषयी उघड बोलणे राज्यकर्त्यांस अडचणीचे होई; पण फुलदाणीवरच्या काट्याला कोण काय म्हणणार? सरहद्द नकाशावर ओढली जाते. झाडे-झुडपे व किडे-मुंग्या ती मानीत नाहीत. जी फुले नान्सीच्या कुरणात, तीच हिरावलेल्या खेड्यांतही उगवत होती. म्हणून लोरेनचे फूल दाखविणे म्हणजे न तुटलेला लोरेन दाखविणे असे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात गॅलेला काचकामासाठी सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात त्याने व्हिक्टर प्रूव्हे या चित्रकाराकडून आकृती काढवून घेऊन ऱ्हाइन नदीचे चित्र लाकडात जडविलेले एक भव्य मेज मांडले होते. त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

येथवरची हकीकत देशप्रेमाची आहे, आणि ती येथे संपती तर गॅलेवर संकट आले नसते. परंतु मातीवरच्या प्रेमाची खरी परीक्षा पुढे व्हावयाची होती.

१८९४ साली आल्फ्रेड ड्रेफस या फ्रेंच सैन्यातील अधिकाऱ्यावर जर्मनीला गुपिते विकल्याचा आरोप ठेवून त्याला जन्मठेपेची शिक्षा देण्यात आली. ड्रेफस जातीने यहुदी होता आणि मूळचा आल्सासचा. त्याच्या घराण्याने १८७१ नंतर फ्रान्सचेच नागरिकत्व पत्करलेले. पुरावा बनावट असल्याचे हळूहळू बाहेर येऊ लागले, आणि १८९८ साली कादंबरीकार झोला यांनी उघड पत्र लिहून राज्यकर्त्यांना जाब विचारला. देशाची दोन शकले झाली. सरहद्दीवरच्या नान्सीत सैन्याविरुद्ध शब्द काढणे म्हणजे द्रोह समजला जाई. मोरिस बारेस हा लोरेनचाच प्रतिभाशाली लेखक. त्याने १८९७ साली आपल्या मातीतून उपटल्या गेलेल्या तरुणांवर एक कादंबरी लिहिली होती. माती आणि पूर्वज हेच माणसाचे सर्वस्व, असा त्याचा सिद्धांत. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की जो या मातीचा नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तो ड्रेफसच्या कट्टर विरोधकांत जाऊन बसला.

योगायोग असा की त्याच १८९७ साली गॅलेच्या कारखान्याला युजेन व्हालँ या कारागिराने एक ओकचा दरवाजा करून दिला. आपले मूळ अरण्याच्या खोल पोटात आहे, अशा आशयाचे शब्द त्याच्यावर कोरले आहेत. मूळ आणि माती यांचा अभिमान बारेसला होता तसाच गॅलेलाही होता; दोघेही एकाच प्रांताचे, दोघांनाही गेलेल्या मुलुखाचे दुःख सारखेच. पण गॅलेने काढलेला निष्कर्ष अगदी उलटा निघाला. जी माती ऑर्किडला पोसते आणि काट्यालाही पोसते, तिच्या नावाने निरपराध माणसाला बंदीवासात कसे ठेवावे? तो ड्रेफसच्या बाजूने उभा राहिला. मानवी हक्कांच्या रक्षणासाठी निघालेल्या संघाच्या नान्सी शाखेत त्याने काम केले. ज्या सुखवस्तू घरांत त्याची फुलदाणी दिवाणखान्याचे भूषण होती, त्यांतील अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. सुमारे ३०० माणसांचे पोट ज्या धंद्यावर अवलंबून आहे त्या धंद्याच्या मालकाने असे करणे सोपे नसते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जे मांडले, ते पाहून लोक चकित झाले. मध्यभागी काचभट्टीची प्रतिकृती आणि तिच्याभोवती फुटलेली भांडी. शेजारी एका फुलदाणीवर अंधारातून वर येणाऱ्या काळ्या आकृती, म्हणजे धर्मांधता व असत्य यांची रूपे. दुसऱ्या एका पात्रावर अंजिराची पाने व फळे, आणि त्यांसोबत व्हिक्टर ह्यूगो यांची मानवबंधुत्वाविषयीची ओळ. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा निषेध करणारी फुलदाणीही त्याने केली होती. त्या प्रदर्शनात त्याला दोन सर्वोच्च पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी नान्सीच्या स्तानिस्लास अकादमीपुढे त्याने सांकेतिक नक्षीवर व्याख्यान दिले. त्याचा मथितार्थ असा की निसर्गाचे रूप प्रामाणिकपणे अभ्यासले तर कलावंताला अर्थ बाहेरून चिकटवावा लागत नाही.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी नान्सीतील कलावंत व कारखानदार यांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला. त्याचेच नाव ‘नान्सी संप्रदाय’. गॅले अध्यक्ष झाला. लाकूडकाम व लोखंडकाम करणारा लुई माजोरेल, काचवाला आंतोनँ दोम आणि दरवाजा करणारा व्हालँ हे उपाध्यक्ष. घरात वापरावयाच्या साध्या वस्तूही सुंदर असाव्यात, त्या यंत्राने अधिक लोकांपर्यंत पोहोचवाव्यात आणि तरुणांना या कामाचे शिक्षण मिळावे, हे त्यांचे धोरण. संग्रहातील फुलदाणी पाहावयास यजमानाचे निमंत्रण लागते. पेढीचे छत पाहावयास तसे निमंत्रण लागत नसे. ग्रुबेरने एकावर एक थर असलेली काच तेजाबाने कोरून खिडक्यांत बसविली आणि गॅलेची विद्या रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत नेली. माजोरेलच्या घराच्या खिडक्यांवर त्याने चांदीच्या चकत्यांसारख्या शेंगांचे झुडूप काढले. १९०९ साली पूर्ण झालेल्या व्यापारी मंडळाच्या इमारतीत त्याने प्रांताचे उद्योगधंदे काचेत उभे केले.

गॅलेला हे सर्व पाहावयास मिळाले नाही. रक्ताच्या कर्करोगाने तो खंगत गेला. अखेरच्या काळात त्याने चतुराचे एक काचपात्र घडविले. त्याचे डोळे व पंख काचेत वेगळे बसवून मग कोरलेले आहेत. ‘पहाट आणि संध्याकाळ’ नावाचा जो पलंग त्याने १९०४ साली पुरा केला, त्याच्या पायथ्याशी काच व शिंपले यांचे पतंग पंख पसरून आहेत. २३ सप्टेंबर १९०४ रोजी तो वारला. १९०६ साली ड्रेफस निर्दोष ठरला, तो दिवस त्याने पाहिला नाही; १९१८ साली गेलेला मुलूख परत आला, तोही नाही. त्याची पत्नी हेन्रिएट हिने कारखाना चालू ठेवला आणि काही वर्षे भांड्यांवर त्याच्या नावाशेजारी एक लहानसा तारा कोरविला. घरधनी गेला, काम चालू आहे, एवढेच तो तारा सांगे.

पुढे फॅशन बदलली. सरळ रेषांचा काळ आला आणि या वळणदार वेली लोकांना जुनाट वाटू लागल्या. पुष्कळ वस्तू माळ्यावर गेल्या, काही इमारती पाडल्या गेल्या. युजेन कोर्बँ नावाच्या नान्सीकर व्यापाऱ्याने मात्र जमविलेला आपला संग्रह १९३५ साली शहराला दिला. आणि १९६४ साली त्याच्याच पूर्वीच्या घरात या संप्रदायाचे संग्रहालय उघडले. कुत्र्याच्या छत्र्यांचा दिवा, पतंगांचा पलंग आणि तो ओकचा दरवाजा आज तेथे आहेत. मायझेंतालची भट्टी १९६९ साली विझली. पण तेथेही आता संग्रहालय असून काचेचे काम नव्याने चालते.

आपल्या प्रांताचा अभिमान ही गोष्ट पेटवावयास सोपी असते. एक शत्रू दाखविला की ती आपोआप भडकते. गॅलेने तिच्यासाठी निराळी वाट धरली. प्रांतावर प्रेम करावयाचे तर आधी त्याची ओळख करून घ्यावी; कोणते गवत कोठे उगवते, कोणता किडा कोणत्या पानावर बसतो, हे गुडघे टेकून पाहावे. असे पाहणाऱ्याची दृष्टी बारीक होते, आणि बारीक दृष्टीला खोटा पुरावाही खोटा दिसतो. ज्या डोळ्यांनी रानटी ऑर्किडचे रूपभेद मोजले, त्याच डोळ्यांनी एका कैद्याचे निरपराधित्व ओळखले. नान्सीच्या काचेवरचे चतुर, पतंग व काटे यांचे मोल बाजारात आज फार आहे; परंतु ते कोरविणाऱ्याने स्वतः दिलेले मोल त्याहून मोठे होते.